वारंवार हँग होणारा जुना डेस्कटॉप आणि लॅमिंग्टन रोडवरचे सहा फुटांचे दुकान

मराठी अक्षरजुळणीचे काम मी पार्ल्यातल्या घरातून करते आणि त्यासाठी २०१३ साली जुळवून घेतलेला एक डेस्कटॉप अजूनही वापरते. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ५०० जीबीची हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम आणि बत्तीस बिटांचे विंडोज ७ असा त्याचा संसार आहे. हे जुनेर अजून का सांभाळता, असे मला वर्षातून चार जण तरी विचारतात. त्याचे कारण असे की स्मरणिका, प्रबंध, काव्यसंग्रह असे वीस वर्षांचे काम माझ्याकडे पेजमेकर या पाने जुळवण्याच्या प्रोग्राममध्ये आणि युनिकोडपूर्व, म्हणजे मराठीसाठी सर्वमान्य संकेत येण्याआधीच्या, फाँटांमध्ये पडून आहे, आणि ती फाइल नव्या संगणकावर उघडली की ‘ज्ञानेश्वर’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसते. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, म्हणजे ७.०, २००१ साली आली आणि त्यानंतर अ‍ॅडोबीने ते पुढे वाढवले नाही. त्यामुळे जुन्या लेखकाने दुसरी आवृत्ती काढायची म्हटली की मला या संगणकापाशीच बसावे लागते.

गेल्या श्रावणात हा संगणक हँग होऊ लागला. एका छोट्या दिवाळी अंकाची पाने माझ्याकडे यायला सुरुवात झाली होती, आणि पान जुळवून ‘सेव्ह’ केले की सगळे जागच्या जागी थांबायचे. बाण हलायचा, पण कशावरही टिचकी मारली तरी उपयोग होत नसे. पाऊण-एक मिनिटाने आपोआप सुटायचे. आठवड्यातून दोनदा होणारा हा प्रकार पुढे रोजचा झाला.

मुंबईत संगणकांच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या लॅमिंग्टन रोडवरच्या ज्या दुकानात तो शेवटी दुरुस्त झाला, त्याविषयी लिहिण्याआधी त्यापूर्वीचा अनुभव थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण दुकानाचे मोल त्या तुलनेतच कळते. घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्या एका सेवेकडून मी प्रथम एका तंत्रज्ञाला बोलावले. पहिल्या भेटीत त्याने ‘मॅडम, फॉरमॅट मारून टाकू’ असे सुचवले आणि मी नकार दिल्यावर रॅम कमी पडते असे सांगून ४ जीबीची आणखी एक पट्टी बसवली. दुसऱ्या भेटीत त्याने विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदींच्या यादीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल खुणेची नोंद दाखवली, हा विजेचा दोष असल्याचे सांगितले आणि एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, बदलला. तिसऱ्या भेटीत मदरबोर्ड गेला असून आता नवीन सेटच घ्यावा लागेल, असा निकाल दिला. जाण्यापूर्वी रात्रभर डिस्क तपासणी लावून ठेवायला सांगितले होते, ती अकरा टक्क्यांवर अडकली ती सकाळपर्यंत तिथेच होती. तीन भेटींचे प्रत्येकी ३५० रुपये, रॅमचे ९५० आणि एसएमपीएसचे १,१०० मिळून ३,१०० रुपये गेले. हँग होणे थांबले तर नाहीच, उलट बाणासकट सगळा पडदा मेल्यासारखा थांबण्याचा एक नवा प्रकार त्यात भरीस पडला.

भाद्रपदात, गणपती गेल्यावरच्या मंगळवारी, भाच्याला बरोबर घेऊन मी कॅबिनेट गोणपाटात आणि त्यावरून प्लॅस्टिकमध्ये बांधले आणि दुपारच्या धीम्या लोकलच्या मालडब्यातून ग्रँट रोडला नेले. लॅमिंग्टन रोडचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले, तरी टॅक्सीवाल्यापासून बिलापर्यंत सगळीकडे जुनेच नाव चालते. ज्या दुकानाविषयी मी लिहिते आहे त्याला स्वतःची पाटीच नाही. केबल आणि अडॅप्टर विकणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या भागात सहा फुटांचे एक टेबल भाड्याने घेऊन हे गृहस्थ बसतात, आणि तिथे पोहोचण्यासाठी रस्त्यावरच्या कोणालाही ‘जुन्या मशीनचे काम कोण करतं’ असे विचारावे लागते. टेबलावर तीन मॉनिटर, एक सोल्डरिंगचे यंत्र, ब्रशांनी भरलेला स्टीलचा पेला आणि मदरबोर्डांची एक उतरंड होती. बसायला जागा नव्हती.

मला सर्वात आवडले ते हे, की पहिली दहा मिनिटे त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरला हातही लावला नाही. त्यांनी प्रश्न विचारले. हँग होते तेव्हा समोरचा डिस्कचा लाल दिवा सतत पेटलेला असतो की विझलेला असतो? बाण हलतो का? गाणे चालू असेल तर तेच एक अक्षर घरघरत राहते का? की-बोर्डवरचे कॅप्स लॉक दाबले तर त्याचा दिवा लागतो आणि विझतो का? आपोआप सुटते की बटण दाबून बंदच करावे लागते? संगणक थंड असताना होते की दोन तास चालल्यावर? मला यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे ठाऊक नव्हती, पण एक गोष्ट होती. दुधाचा हिशेब मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिते आणि त्याच चौकोनांत संगणक अडकला की एक फुली मारायची सवय मला लागली होती. आपोआप सुटले तर साधी फुली आणि बंद करावे लागले तर वर्तुळातली फुली. त्या पानांचे छायाचित्र फोनमध्ये होते, ते मी दाखवले.

त्यांनी ते बोटांनी मोठे केले आणि विचारले, “ताई, ही रॅम कधी टाकली?” तारीख सांगितल्यावर त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्या तारखेच्या आधी एकही वर्तुळ नव्हते. साध्या फुल्या तेवढ्या होत्या. वर्तुळे त्यानंतर सुरू झाली होती. “हे दोन आजार आहेत, एक नाही. एक तुमचा जुना, आणि एक तुम्ही विकत घेतलेला.” एवढे बोलून मग त्यांनी कॅबिनेट उघडले.

कॅप्स लॉकचा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला होता, पण त्यामागे साधे कारण आहे. तो दिवा की-बोर्ड आपल्या मनाने लावत नाही. कळ दाबल्याची खबर विंडोजपर्यंत जाते आणि तिथून हुकूम आल्यावर दिवा लागतो. पडदा थांबलेला असूनही दिवा लागत-विझत असेल, तर आत विंडोज जिवंत आहे आणि कोणाची तरी वाट पाहते आहे. बहुतेक वेळा डिस्कची. दिवाच हलत नसेल, तर प्रोसेसरपर्यंतचे कामकाज कोलमडलेले असण्याची शक्यता अधिक, आणि मग संशय रॅम, वीजपुरवठा, उष्णता किंवा मदरबोर्ड यांच्यावर जातो. ही कसोटी निर्णायक नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले, पण तिला एक पैसा खर्च येत नाही आणि त्याने शोधाची दिशा तरी ठरते.

‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीचे प्रकरण तर मला आजही टोचते. ती नोंद एवढेच सांगते की मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता. वीज गेली असेल, एसएमपीएस बिघडला असेल, किंवा हँग झाल्यामुळे कंटाळून मालकिणीने बटण दाबून धरले असेल, तरी नोंद तीच होते. माझ्या बाबतीत बटण मीच दाबत होते आणि त्या नोंदीच्या जोरावर मला ११०० रुपयांचा एसएमपीएस विकला गेला. त्याच यादीत थोडे वर ‘डिस्क’ या नावाने सात क्रमांकाच्या नोंदी ओळीने पडलेल्या होत्या, आणि त्यांत डिस्कवर बॅड ब्लॉक, म्हणजे खराब झालेल्या जागा, असल्याचे स्पष्ट इंग्रजीत लिहिलेले होते. नोंदींची यादी उघडूनही त्या तंत्रज्ञाला त्या दिसल्या नाहीत.

यानंतर त्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालवला. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची एक वही ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि हा प्रोग्राम ती वही वाचून दाखवतो. डिस्कच्या नावापुढे पिवळ्या रंगात सावधगिरीचा शेरा आला. त्यांनी तीन ओळींवर बोट ठेवले. ०५ या ओळीत, डिस्कने कायमचे बाद करून ज्यांच्या जागी राखीव सेक्टर दिले अशा सेक्टरांची, म्हणजे माहिती ठेवण्याच्या छोट्या कप्प्यांची, संख्या असते. सी५ या ओळीत, वाचता येत नाहीत पण अजून बादही ठरवलेले नाहीत, अशा अधांतरी सेक्टरांची संख्या असते. सी७ या ओळीत डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वायरीत माहिती बिघडल्याची संख्या असते. माझ्या डिस्कच्या सी७ मध्ये शून्य होते, म्हणजे वायर निर्दोष होती. सी५ मध्ये १८ होते. मी “अठराच ना?” म्हणाले, तेव्हा त्यांनी हसून सांगितले की हा आकडा दहाच्या नव्हे, सोळाच्या पायावर लिहिलेला आहे, म्हणजे एक सोळा आणि वर आठ, तो चोवीस असा वाचायचा.

आणि मग माझ्या पाऊण मिनिटाचे कोडे सुटले. डेस्कटॉपसाठी बनवलेली साधी डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही की लगेच हार मानत नाही; ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, आणि तोवर विंडोज तिच्या दारात हात जोडून उभे असते. माझी चालू अंकाची फाइल नेमकी त्या भागाला लागून असावी, म्हणून ‘सेव्ह’ करताना दिवा पेटलेला राहायचा आणि डिस्कने एकदाचे जमवले की सगळे पुन्हा चालू व्हायचे. रात्रभर लावलेली तपासणी अडकली तीही त्याचमुळे. त्याबद्दल मात्र त्यांचा आवाज जरा चढला. सी५ चा आकडा दिसत असताना डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचायला लावणारी तपासणी चालवणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला जिने चढायला लावणे, असे ते म्हणाले. आधी माहिती दुसरीकडे उतरवायची, मग डिस्कचे काय करायचे ते करा.

रॅमचा शोध त्या मानाने सावकाश लागला आणि त्यासाठी संगणक रात्रभर ठेवून घेतला गेला. मेमटेस्ट८६+ हा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून विंडोजच्या आधीच चालू होतो आणि रॅमच्या प्रत्येक घरात ठरावीक नमुने लिहून ते परत तसेच वाचता येतात का ते पाहतो. पहिली फेरी स्वच्छ गेली. बहुतेक दुकानांत इथेच ‘रॅम ओके’ असे सांगून मोकळे होतात. यांनी तो चालूच ठेवला आणि तिसऱ्या फेरीत चुकलेल्या पत्त्यांच्या लाल ओळी येऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही पट्ट्या एकेक करून एकाच खाचेत बसवून तपासल्या, म्हणजे दोष खाचेचा की पट्टीचा हे कळावे. माझी २०१३ची पट्टी निर्दोष निघाली. ९५० रुपयांना घेतलेली, मुळात कोणाच्या तरी संगणकातून काढलेली पट्टी नापास झाली.

इथे आणखी एक गंमत आहे, अर्थात माझ्या खर्चाने झालेली. बत्तीस बिटांचे विंडोज ७ चार जीबीपेक्षा अधिक रॅम वापरूच शकत नाही, आणि प्रत्यक्षात त्यातलाही काही भाग बोर्डवरच्या इतर घटकांच्या पत्त्यांसाठी जातो. म्हणजे ती पट्टी घालून मला एका जीबीचाही लाभ होणार नव्हता. मग न वापरल्या जाणाऱ्या पट्टीतल्या दोषाने संगणक बंद का पडावा, असे मी विचारले. त्याचे उत्तर असे की दोन पट्ट्या जोडीने बसवल्या की बोर्ड दोन्हींमध्ये आळीपाळीने माहिती ठेवतो, त्यामुळे विंडोज जी काही तीन-साडेतीन जीबी वापरत होते त्यातली जवळजवळ निम्मी त्या सदोष पट्टीवर होती. विकणाऱ्याने हे एक वाक्य आधी सांगितले असते, तर माझे पैसे आणि भाद्रपदाचे दोन आठवडे वाचले असते.

बाकीच्या तपासण्या पटकन झाल्या. मल्टिमीटरवर पिवळी तार १२.१ व्होल्ट दाखवत होती, आणि ११.४ ते १२.६ या मर्यादेत ती असली तर चालते. एसएमपीएस हातात घेऊन ‘हलका आहे, पण सध्या राहू द्या’ असा शेरा मिळाला. बोर्डवरच्या कपॅसिटरांची डोकी सपाट होती, फुगलेली किंवा तपकिरी डाग आलेली नव्हती. प्रोसेसरवरच्या पंख्यात मात्र पार्ल्याची सगळी धूळ आणि माझ्या गोधडीचे दोरे सापडले. पंखा काढल्यावर खालची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली होती, ती पुसून नवी लावली. ताण दिल्यावर तापमान नव्वदीत जात होते ते सत्तरीच्या आत आले. हँग होण्याचे हे कारण नव्हते, कारण हा प्रोसेसर शंभरीच्या आसपास पोहोचल्यावर आधी वेग कमी करतो, पण पुढच्या उन्हाळ्यात ते कारण झाले असते.

माहिती उतरवण्याचे काम हा या दुकानाचा खरा कस होता. सडलेल्या डिस्कवरून नेहमीच्या पद्धतीने फाइली ओढू लागले तर पहिल्याच खराब जागी अडकायला होते. त्यांनी लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम चालवला. तो आधी सहज वाचता येणारा सगळा भाग भराभर उतरवून घेतो, अडचणीच्या जागा नोंदवून पुढे सरकतो आणि शेवटी त्या जागांकडे पुन्हा वळतो. मध्येच थांबवला तरी नोंदवहीवरून पुढे चालू होतो. जुन्या डिस्कच्या जागी बसवायची नवीन एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपांची डिस्क, निवडतानाही त्यांनी ४८० जीबीची स्वस्त पडत असूनही ५०० जीबीचीच घ्यायला लावली, कारण जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवायची तर नवी तिच्यापेक्षा एका सेक्टरनेही लहान असून चालत नाही. एच-६१ च्या बोर्डवर साटाचा, म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीचा, जुना, ३ गिगाबिटांचा वेग असतो, तेव्हा डब्यावर लिहिलेल्या वेगाच्या निम्मा मिळेल, हे पैसे घेण्याआधी सांगितले. माझा संगणक २०१३ सालापासून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या बोर्डच्या प्रोग्राममध्ये, डिस्कशी बोलण्याच्या आयडीई या जुन्या पद्धतीवर चालत होता. ती बदलून एएचसीआय ही नवी पद्धत केली की विंडोज ७ सुरू होतानाच निळा पडदा दाखवून थांबते, म्हणून आधी रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, संबंधित ड्रायव्हर चालू करून मगच त्यांनी बायॉसमधला बदल केला.

शेवटी काही किलोबाइट एवढाच भाग वाचता आला नाही. तो कोणत्या फाइलींत पडतो हेही त्यांनी शोधून कागदावर लिहून दिले: विंडोजच्या अपडेटची एक टाकाऊ फाइल, आणि २०१६ च्या एका स्मरणिकेतले एक छायाचित्र. ते मी घरी उघडून पाहिले. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या मंडळींचे फेटे दिसतात आणि गळ्याखाली सगळे करडे आहे. छापलेली प्रत कपाटात असल्यामुळे मला त्याचे दुःख नाही, पण ‘सगळा डेटा आला’ असे मोघम सांगण्याऐवजी काय आले नाही ते लेखी देणारा माणूस मला या व्यवसायात प्रथमच भेटला.

आता खर्च. तपासणीचे ३०० रुपये आधी घेतले आणि ते पुढच्या मजुरीत वळते केले. एसएसडी ३,३०० रुपयांना, कंपनीच्या तीन वर्षांच्या हमीसह आणि पक्क्या बिलावर; माहिती उतरवण्याचे १,०००; पेस्ट आणि सफाईचे ३००. एकूण ४,६०० रुपये झाले. जुनी डिस्क मी न मागता परत मिळाली, तीही ‘वापरू नये’ असे मार्करने लिहून. तेरा वर्षांच्या आसपास वय झालेल्या संगणकावर एवढा खर्च करणे शहाणपणाचे आहे का, असा प्रश्न रास्त आहे. ज्याला फक्त इंटरनेट, बँक आणि पत्रव्यवहार करायचा आहे त्याने तो करू नये. हा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, आणि विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने सुरक्षेची अपडेट देणे १४ जानेवारी २०२० रोजीच थांबवले. खुद्द दुकानदारांनीच मला हे बजावले आणि यापुढे नेटची वायर काढून ठेवा, फाइल पाठवायची तर पेन ड्राइव्हने भाच्याच्या लॅपटॉपवर न्या, असा सल्ला दिला. नवीन संगणक गळ्यात मारण्याची संधी त्यांना होती. शेजारीच विक्रीचे दुकान आहे. त्यांनी ‘तुमचं काम याच मशीनवर आहे ना, मग हेच नीट करू’ असे म्हटले.

दुकानाचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण ते किरकोळ नाहीत. गुरुवारी देतो म्हणून सांगितलेला संगणक शनिवारी संध्याकाळी मिळाला आणि त्या दोन दिवसांत माझे सात फोन उचलले गेले नाहीत. फोन न उचलण्याचे कारण ‘हातात काम होतं’ असे दिले गेले, ते खरेही असेल. पण दिवाळी अंकाच्या संपादकांना मी काय उत्तर द्यायचे? संगणक जमा केल्याची पावती मागितल्यावर एका व्हिजिटिंग कार्डाच्या मागे तारीख आणि सही मिळाली. त्यावर संगणकाचा क्रमांक लिहा असा आग्रह मला धरावा लागला. विंडोजचा पासवर्ड एका कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटलाच चिकटपट्टीने चिकटवला होता, आणि तो दोन दिवस त्या टेबलापाशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता येत होता. ज्यांच्या संगणकात बँकेची कागदपत्रे किंवा दुसऱ्याचे अप्रकाशित लेखन आहे, त्यांनी याचा विचार करावा आणि नेण्यापूर्वी निदान पासवर्ड तात्पुरता बदलून ठेवावा. मजुरीच्या कामाला तोंडी एक महिन्याची हमी आहे. ती लेखी मिळाली नाही. चौकशी करताना मागे तीन-चार गिऱ्हाइके उभी असतात, तेव्हा संकोची माणसाला आपले म्हणणे पूर्ण सांगता येईलच असे नाही. रविवारी बाजार बहुतेक बंद असतो आणि हे गृहस्थ दुपारी बारापूर्वी येत नाहीत.

एका गोष्टीत मला दुकान उणे वाटले नाही, पण इतरांना वाटू शकेल. तिथे गोड बोलणे नाही. मी दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला तेव्हा ‘ते सांगून झालं, ताई’ एवढेच उत्तर आले. घरी येणारा पहिला तंत्रज्ञ फार अदबीने वागत होता, चहा झाल्यावर कप स्वतः उचलून ओट्यावर ठेवत होता, आणि तरीही त्याने मला तीन वेळा चुकीचे निदान विकले.

तेव्हापासून चार महिने झाले. संगणक सुरू व्हायला अडीच मिनिटे लागायची, आता अर्धे मिनिट लागते. अंकाची पाने घटस्थापनेच्या आत छापखान्यात गेली. नापास पट्टी मी घरी येणाऱ्या त्या सेवेला परत नेऊन दिली, तेव्हा ‘विकलेला माल परत नाही’ असे छापलेली पावती माझ्यापुढे धरण्यात आली. ती पट्टी आता टेबलावर कागद दाबायला उपयोगी पडते. कालनिर्णयाच्या चौकोनांत पुन्हा फक्त दुधाचे आकडे आहेत, एक अपवाद सोडून. गेल्या आठवड्यात दोनशे चित्रांची एक जुनी स्मरणिका उघडताना पडदा पुन्हा थांबला आणि माझा हात सवयीने बंद करण्याच्या बटणाकडे गेला. तो मागे घेऊन मी कॅप्स लॉक दाबले. दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला. मी उठून कुकर लावला, आणि परत येईपर्यंत पेजमेकरने पान उघडलेले होते.